वाचनालयात संगणकांचे जाळे टाकण्यापूर्वीची तयारी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, मिरगाचा पाऊस लागला की गणपतीपर्यंत भिंतीला भोक पाडणे किंवा कौलांवर चढणे होत नाही. त्यामुळे गावच्या वाचनालयात, मंडळाच्या खोलीत किंवा शाळेत सहा-आठ संगणक एकमेकांना जोडायचे ठरले असेल, तर शिमगा झाला की तयारीला लागावे, आणि सर्वांत आधी एक शंभर पानी वही विकत घ्यावी. राउटर, केबल, स्विच हे सारे नंतर. आमच्या भागात बंद पडलेली जी जाळी मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचे सामान धड होते. कोणती केबल कोठून कोठे जाते हे सांगणारा माणूस तेवढा उरला नव्हता.

वहीच्या पहिल्या पानावर खोलीचा नकाशा काढावा. दरवाजा, खिडक्या, विजेचे बोर्ड, टेबले आणि फायबर (प्रकाशातून इंटरनेट आणणारी काचेची तार) जिथून आत येणार ती जागा त्यात दाखवावी. प्रत्येक केबल एका रेषेने दाखवून तिला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुढे केबलच्या दोन्ही टोकांना चिकटवावा. लांबी मोजताना टेप भिंतीच्या कडेने, चौकटीवरून वळवत न्यावा व दोन्ही टोकांना दीड-दोन मीटर जादा धरावे. तांब्याच्या केबलची एका दमातली मर्यादा १०० मीटर आहे. एका खोलीत ती आड येत नाही, पण वाचनालयातून शाळेपर्यंत केबल ओढण्याचा बेत असेल तर येते. विजेच्या वायरिंगला समांतर जायचेच झाले तर वीतभर अंतर ठेवावे, आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडावी.

दुसऱ्या पानावर प्रत्येक यंत्राचे काम आपल्या शब्दांत लिहून काढावे. ते लिहिता आले नाही, तर खरेदी आठवडाभर लांबली तरी बिघडत नाही. फायबर ज्या डबीत येऊन थांबते, ती डबी प्रकाशाच्या संकेतांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते. राउटर म्हणजे घराचा उंबरठा. आतले जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यातली सगळी ये-जा त्याच्यावरून होते. स्विच आतल्या आत संगणक जोडतो आणि कोणत्या पोर्टवर (केबल खोचायच्या खाचेवर) कोणते यंत्र आहे हे त्या यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या बारा अक्षरी मॅक पत्त्यावरून लक्षात ठेवतो. तारेशिवाय जोडणी देतो तो ॲक्सेस पॉइंट. पुष्कळदा जोडणी देणारे लोक जो एकच डबा बसवून जातात, त्यात ही सगळी कामे एकत्र असतात, म्हणून नवख्याला ती वेगळी दिसत नाहीत. तरीही बिघाड शोधताना ती वेगळी धरावीच लागतात.

पत्त्यांच्या पानाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. हे पत्ते मॅक पत्त्याहून वेगळे; जाळ्यात यंत्र ओळखण्यासाठी दिलेले हे आकडे, त्यांना आयपी पत्ते म्हणतात. आयपीव्ही ४ या जुन्या, आजही सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते बनतात आणि जगातल्या सर्व यंत्रांना ते पुरत नाहीत. म्हणून काही पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले आहेत आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राने ही व्यवस्था पक्की झाली. आपल्या वाचनालयात १९२.१६८.१.१ आहे आणि निपाणीतल्या एखाद्या दुकानातही तोच आहे, यात काही बिघडत नाही, कारण हे पत्ते उंबरठ्याबाहेर जात नाहीत. २५५.२५५.२५५.० हा मास्क ठेवला की पहिले तीन आकडे सर्वांचे सारखे राहतात आणि शेवटचा आकडा १ ते २५४ यांपैकी प्रत्येकाचा वेगळा असतो. वहीत असे ठरवून लिहावे: राउटरला १, प्रिंटरला २० हा कायमचा पत्ता, आणि संगणक व मोबाइल यांना १०० ते १९९ यांतला जो मोकळा असेल तो राउटरने आपोआप द्यावा. असे पत्ते वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात आणि एका जाळ्यात वाटणारा एकच असावा.

हे शेवटचे वाक्य आम्ही नुकसान सोसून शिकलो. पहिल्याच वर्षी पोर्ट कमी पडले म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडला. तोही आपल्या परीने पत्ते वाटू लागला. सकाळी चार संगणकांवर इंटरनेट चाले आणि तीन रिकामे बसत. दुपारी हेच उलटे होई. स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरायला आलेली मुले तशीच परत गेली, याचे मला आजही वाईट वाटते. दोन दिवस केबली बदलून झाल्यावर एका बंद पडलेल्या संगणकाचा पत्ता पाहिला, तर त्याचा तिसरा आकडा आमचा नव्हता. वहीत ठरलेले पत्ते लिहिलेले असते, तर हे पाच मिनिटांत उमगले असते. पोर्ट कमी पडत असतील तर आठ पोर्टचा साधा स्विच आणावा. जुना राउटर वापरायचाच असेल तर त्याचे पत्ते वाटणे आधी बंद करावे.

केबल घ्यायला बेळगावला जाल तेव्हा कॅट सिक्स या जातीची मागावी आणि तार शुद्ध तांब्याची आहे का ते तिथेच पाहावे. ब्लेडने तार खरवडली आणि आतून पांढरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. ते स्वस्त असते, पण दोन-तीनदा वाकवले की तुटते. टोकाला क्लिप बसवण्याचा सराव घरी फुटभर तुकड्यावर करावा. बाहेरचे आवरण बोटाच्या पेराएवढे सोलले की पीळ घातलेल्या चार जोड्या दिसतात. त्या उलगडून, सरळ करून डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी अशा लावाव्यात, टोके एका रेषेत कापावीत आणि क्लिपचा खटका खाली ठेवून आत सारावीत. आठही तारा पुढच्या टोकाला टेकलेल्या दिसल्या आणि बाहेरचे आवरणही क्लिपच्या आत आले, तरच पकड दाबावी. पीळ गरजेपेक्षा जास्त सोडवू नये, कारण शेजारच्या जोडीचा त्रास त्या पिळामुळेच टळतो. नंतर केबल टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागलेले पाहावेत. तपकिरी किंवा निळी जोडी सुटली तरी जोडणी बंद पडत नाही, पण वेग १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही, आणि मग दोष उगाच जोडणी देणाऱ्यावर जातो.

वायफायबाबत थोडक्यात सांगायचे, तर जांभ्या दगडाच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झची लहर फारशी पार होत नाही, २.४ ची त्यापेक्षा दूर जाते, पण वेग कमी देते. म्हणून एका जागी राहणारे संगणक केबलीनेच जोडावेत. राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए २ किंवा ३ निवडावे.

वळवाच्या विजांची तयारी मात्र कधीही टाळू नये. चैत्र-वैशाखात दुपारी भरून येते आणि अर्ध्या तासात कडकडाट सुरू होतो. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये. जवळपास वीज पडली तरी दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. तिथे फायबर वापरावे, आणि त्याला आधाराची लोखंडी तार असेल तर ती आत आणण्यापूर्वी कापून टाकावी. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. आभाळ गडगडू लागले की विजेच्या प्लगबरोबर बाहेरून येणारी तांब्याची केबलही काढायची, हे वाचनालय उघडणाऱ्या प्रत्येकाला दाखवून द्यावे.

जोडणीच्या दिवशी तपासणी आतून बाहेर करत जावी. आधी १२७.०.०.१ या संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्याला पिंग करावे, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश पाठवावा; त्यावरून संगणकातली जाळ्याची प्रणाली ठीक आहे हे कळते. मग राउटरला, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याने पोहोचते पण नावाने नाही, तर दोष डीएनएसमध्ये आहे; गावात घर क्रमांकावरून सापडते, पण नाव सांगून रस्ता दाखवणारा जागेवर नाही, अशी ती अवस्था. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून काहीच आलेले नाही, म्हणून केबल आणि राउटर पाहावा. इकडच्या संगणकांवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी असे तीन कळफलक असतात. मराठी कळफलकावरून टाइप केलेले देवनागरी आकडे ना पत्त्यात चालतात ना पासवर्डमध्ये, म्हणून आधी कळफलक इंग्रजीवर आणावा. सर्व चालू झाल्यावर प्रत्येक संगणकाचा पत्ता, मॅक पत्ता आणि केबल क्रमांक तारखेसह वहीत उतरवावा, राउटरचा पासवर्ड बंद पाकिटात घालून कपाटात ठेवावा, आणि वही दोरीने स्विचशेजारच्या खिळ्याला बांधावी.