‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणायची घाई नको: विमानतळाजवळ छोटं विमान उडवताना या चुका टाळा

25 सप्टेंबर 1978, सॅन दिएगो. सकाळची वेळ, आभाळ स्वच्छ. पीएसए कंपनीचं बोइंग 727 उतरायला येत होतं. त्याच्या पुढे, थोडं खाली, एक सेसना 172 (छोटं, एका इंजिनाचं विमान) अप्रोचचा, म्हणजे उतरायला रनवेकडे येण्याचा सराव संपवून निघालं होतं. कंट्रोलरने बोइंगला या सेसनाबद्दल पुन्हा पुन्हा सांगितलं. क्रूने ‘ट्रॅफिक इन साइट’, म्हणजे ते विमान दिसतंय, असं म्हटलं आणि अंतर राखायची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मग सेसना नजरेआड झालं. टॉवरला बोइंगचा क्रू एवढंच बोलला की मघाशी दिसत होतं, उजवीकडून निघून गेलं असावं. ‘आता दिसत नाही’ हे मात्र सरळ कुणीच सांगितलं नाही. कॉकपिटमध्ये कोपायलट विचारत होता, सेसना मागे पडलं ना? ‘पडलं असणार,’ असं उत्तर मिळालं. सेसनानेही दिलेलं 070 हेडिंग (उडायची दिशा, अंशांत) न कळवता सोडलं होतं. 2,600 फुटांवर धडक झाली. 144 माणसं गेली, त्यातली सात तर जमिनीवर होती.

विद्यार्थ्यांना मी पहिल्याच आठवड्यात हे सांगतो. गोंदिया, जळगावला फ्लाइंग स्कूलची विमानं आणि प्रवासी विमानं एकच रनवे वापरतात. शिवाय सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) आपली कितीतरी मुलं अमेरिकेत जातात, तिथे तर मोठ्या शहराभोवती छोट्या-मोठ्या विमानतळांची दाटी असते.

न दिसताच ‘दिसलं’ म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक. एकदा टॉवरने ट्रॅफिक सांगितलं आणि माझ्या शेजारच्या मुलाने लगेच ‘इन साइट’ म्हणून टाकलं. मी विचारलं, ‘कुठे? बोट दाखव.’ त्याने दाखवलं ते विमान वेगळंच होतं, आमच्यापासून दूर चाललेलं. तो खोटं बोलत नव्हता. आरटीवर (रेडिओवर) गप्प राहायचा धीर होत नव्हता, म्हणून जे दिसलं तेच ते असं त्याने धरलं. कंट्रोलर सांगतो ती दिशा, उंची आणि विमानाचा प्रकार, तिन्ही जुळल्याशिवाय हो म्हणू नका. ‘लुकिंग आउट’ (शोधतोय) म्हणा, ‘नेगेटिव्ह कॉन्टॅक्ट’ (दिसत नाही) म्हणा, त्यात कसलाही कमीपणा नाही. दिसलेलं विमान पुन्हा हरवलं तर त्याच क्षणी कळवा.

29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनला लष्कराच्या हेलिकॉप्टरने ‘दिसतंय, अंतर आम्ही राखतो’ असंच सांगितलं होतं. रात्रीची वेळ, पलीकडे शहराचे दिवे. हेलिकॉप्टर 200 फुटांच्या मर्यादेच्या वर होतं आणि उतरणाऱ्या प्रवासी विमानाशी त्याची टक्कर झाली. 67 जण गेले. प्रवासी विमानात टीकॅस (जवळच्या विमानांबद्दल सावध करणारं, टक्कर टाळायचं यंत्र) असतं, पण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली ते ‘वर जा, खाली जा’ असं सांगत नाही. म्हणजे जिथे गर्दी सर्वांत जास्त, तिथेच त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

हलणारं शोधत बसणं

आपला डोळा हलणारी वस्तू चटकन टिपतो. पण टक्कर होण्याच्या मार्गावरचं विमान तुमच्या काचेवर हलतच नाही. काचेला चिकटलेल्या चिलटासारखा एक ठिपका, बराच वेळ तेवढाच आणि तिथेच. शेवटच्या काही सेकंदांत त्याला एकदम पंख फुटतात. सेसना 100 नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि समोरून जेट 250 नॉटवर असेल, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला 180 मीटरने कमी होतं. ठिपका दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात, असं अमेरिकेचं हवाई वाहतूक नियामक एफएए सांगतं. तेवढ्यात सव्वादोन किलोमीटर संपलेले असतात.

म्हणून नजर सरसर फिरवू नका. फिरत्या नजरेला काही दिसत नाही. दहा-दहा अंशांचे तुकडे करा आणि प्रत्येकावर निदान एक सेकंद थांबा. नुसत्या निळ्या आभाळाकडे पाहिलं की डोळा आपोआप काही मीटरवर फोकस होतो, त्यामुळे मधूनमधून दूरच्या ढगाची किंवा डोंगराची कड पाहा. काचेच्या खांबाआड एक अख्खं एअरबस लपू शकतं, तेव्हा मान पुढे-मागे करा. सेसनात वळायच्या आधी त्या बाजूचा पंख उचलून खाली-वर बघा आणि मगच वळा. एकदा वळायला लागलात की तोच पंख खाली येऊन ती बाजू झाकतो.

ट्रान्सपॉन्डर आणि हद्द

31 ऑगस्ट 1986 ला लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर एक छोटं पायपर परवानगीशिवाय नियंत्रित हद्दीत शिरलं. त्याच्या ट्रान्सपॉन्डरमधून (रडारला आणि टीकॅसला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रातून) उंची जात नव्हती. एरोमेक्सिकोच्या डीसी-9 ला ते धडकलं आणि 82 जणांचा जीव गेला, त्यातले 15 खालच्या वस्तीतले. या अपघातानंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांना टीकॅस सक्तीचं केलं. पण तुमच्या ट्रान्सपॉन्डरचं बटण ‘स्टँडबाय’वर राहिलं तर टीकॅसला तुम्ही दिसतच नाही, आणि उंची जात नसेल तर ते वैमानिकाला नुसतं सावध करतं, सुटकेचा मार्ग सांगत नाही. उड्डाणासाठी रनवेवर लाइनअप करताना बटण ‘ऑल्ट’वर (उंचीही पाठवणाऱ्या स्थितीत) आहे ना, हे हात लावून पाहा. अमेरिकेत क्लास ब्रावोत (मोठ्या विमानतळांभोवतीच्या नियंत्रित हद्दीत) शिरताना कंट्रोलरने तुमचा कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव) घेतला म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका. ‘क्लिअर्ड’ हा शब्द कानावर येईपर्यंत बाहेर थांबा.

क्यूएनएचही (उंची मोजायच्या यंत्रात लावायचा हवेचा दाब) प्रत्येक वेळी कंट्रोलरला वाचून दाखवा. दहा हेक्टोपास्कल चुकले की जवळपास 300 फूट चुकतात.

बेसवरून फायनलला वळताना बाहेर जाणं

बेस म्हणजे रनवेला आडवा जाणारा टप्पा, फायनल म्हणजे रनवेच्या सरळ रेषेतला शेवटचा. शेजारी-शेजारी दोन रनवे असतील तर ही चूक जिवावर बेतते. 12 मे 2021 ला डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावर एक सिरस (छोटं विमान) उजव्या रनवेसाठी वळलं, जरा जास्तच बाहेर गेलं आणि डाव्या रनवेवर उतरणाऱ्या मेट्रोलायनर या दोन इंजिनांच्या विमानाला लागलं. मेट्रोलायनरची पाठ जवळजवळ अर्धी उघडी पडली होती. त्याच्या वैमानिकाला वाटलं उजवं इंजिन गेलं, तसंच त्याने टॉवरला कळवलं आणि विमान उतरवलं. सिरस स्वतःच्या पॅराशूटवर खाली आलं. कुणालाही खरचटलं नाही. बेसवर वेग आटोक्यात ठेवा, मागून वारा असेल तर वळण लवकर सुरू करा. तरीही बाहेर जातोय असं वाटलं तर उतरायचा हट्ट सोडून गो-अराउंड करा (न उतरता पुन्हा वर जा), आपल्याच रनवेच्या बाजूने.