स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये व्यावसायिक कारकीर्द कशी उभारावी

सिंफनी ऑर्केस्ट्रात जागा रिकामी झाली की व्हायोलिनवादकाला अर्ज करता येतो, परीक्षकांपुढे वाजवून दाखवता येते आणि निवड झाल्यास ठरलेला पगार मिळू लागतो. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये नव्याने उतरणाऱ्यांना अशी तयार नोकरी सहसा मिळत नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून मोठे आणि खालच्या स्वराचे वाद्य) आणि एक चेलो (त्याहून मोठे, खर्जाचे वाद्य) वाजवणाऱ्या चौघांनी ती आधी स्वतः निर्माण करायची असते आणि मग तिच्यावर पोट भरायचे असते. म्हणून वाद्यावरील प्रभुत्वाइतकाच विचार निर्णय कसे घ्यायचे, पैसे कसे वाटायचे आणि मतभेद कसे मिटवायचे याचाही करावा, आणि तो पहिल्या मैफलीच्या आधी करावा. चांगले वाजवणारे गटही या तीन गोष्टी वाऱ्यावर सोडल्यामुळे काही हंगामांत फुटतात.

सहकारी निवडणे

एकल वादनात चमकणारे चार जण एकत्र आणले की क्वार्टेट तयार होतो, ही समजूत सोडून द्यावी. संभाव्य सहकाऱ्यासोबत एखादी रचना नुसती एकदा वाजवून पाहणे पुरेसे नसते. निदान दोन-तीन दिवस पूर्ण तालमी कराव्यात आणि त्यांत संथ, उघडी, लपायला जागा न देणारी रचना निवडावी. मोत्सार्टच्या ‘डिसोनन्स’ क्वार्टेटची (के. 465; चौघांसाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात) सुरुवातीची 22 मापे, म्हणजे लयीचे छोटे विभाग, यासाठी फार उपयोगी पडतात. चेलो खालच्या सी स्वराची सम आवर्तने धरतो, त्यावर व्हायोला ए फ्लॅट (कोमल ए) आणि दुसरे व्हायोलिन ई फ्लॅट घेऊन येते, आणि पहिले व्हायोलिन वरून ए नॅचरल (शुद्ध ए) लावते तेव्हा आधीच्या ए फ्लॅटशी त्याची ठिणगी उडते. या काही मापांत कोण दुसऱ्याचा स्वर ऐकून आपला स्वर ठेवतो, चेलोच्या आवर्तनांची लय कोण खेचतो आणि मुख्य म्हणजे ‘तुझा स्वर चढा आहे’ असे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, हे सगळे कळते. शेवटची बाब मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण हे वाक्य पुढे अनेक वर्षे रोज ऐकावे लागणार असते.

दुसऱ्या व्हायोलिनच्या जागेविषयी सुरुवातीलाच स्पष्ट बोलावे. ती पहिल्या व्हायोलिनची प्रतीक्षायादी नव्हे. मधल्या स्वरांची हालचाल आणि पुष्कळदा लयसुद्धा तिथून चालते. दोन्ही व्हायोलिनवादकांना आघाडीची ओढ असेल तर जागा आलटून पालटून घेण्याचा मार्ग आहे. 1976 मध्ये स्थापन झालेल्या एमर्सन क्वार्टेटने तो अवलंबला आणि 2023 मध्ये निवृत्त होईपर्यंत टिकवला. मात्र तसे करताना कोणत्या रचनेत कोण पुढे, हे हंगामाच्या आरंभीच लिहून ठेवावे.

तालीम

व्यवसाय म्हणून काम करणारे गट दिवसाला तीन ते पाच तास एकत्र तालीम करतात आणि वैयक्तिक रियाज त्याखेरीज असतो. तालमीची वेळ सर्वांच्या इतर कामांच्या आधी दिनदर्शिकेत नोंदवावी. उरलेल्या वेळेत तालीम बसवणारा गट फार काळ टिकत नाही.

सुरांचे काम कसे करावे, हे थोडे खोलात पाहण्यासारखे आहे. चेलो आणि व्हायोलाच्या तारा सी, जी, डी, ए अशा असतात, तर व्हायोलिनच्या जी, डी, ए, ई. शेजारच्या तारांमधील प्रत्येक पंचम पूर्ण शुद्ध लावला, तर सीपासून ईपर्यंत चार पंचम चढताना व्हायोलिनची मोकळी ई तार चेलोच्या सी तारेवरील शुद्ध तीव्र तृतीयापेक्षा, म्हणजे सीशी नेमका जुळणाऱ्या ई स्वरापेक्षा, सुमारे 22 सेंट चढी पडते. एक सेमीटोन (शेजारच्या दोन स्वरांतील सर्वांत लहान अंतर) 100 सेंटचा असतो, म्हणजे हा फरक त्याच्या पाचव्या भागाहून मोठा आहे आणि सी मेजरच्या लांब स्वरसंघात (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीत) तो सरळ कानाला टोचतो. म्हणून बरेच क्वार्टेट ए तार एकत्र मिळवल्यानंतर खालचे पंचम किंचित अरुंद ठेवतात. परिणामी व्हायोला आणि चेलोची सी तार थोडी वर येते. किती वर आणायची, हे एकदा चौघांनी मिळून ठरवावे आणि दररोज तसेच लावावे. त्यानंतर कठीण स्वरसंघ खालून वर बांधावेत: आधी चेलोचा मूळ स्वर, मग पंचम आणि सर्वांत शेवटी तृतीय, तोही व्हायब्रॅटोशिवाय, म्हणजे बोट हलवून स्वराला कंप न देता. तृतीय वाजवणाऱ्याने आपला स्वर त्या पायावर बसवावा. चेलोने त्याच्यासाठी हलू नये.

अडलेले प्रसंग दोघादोघांनी वाजवावेत आणि उरलेल्या दोघांनी ऐकावे. गजाची दिशा, त्याचा कोणता भाग वापरायचा आणि तारेवर किती दाब द्यायचा, हे ठरले की पेन्सिलीने लगेच आपापल्या पानांवर नोंदवावे. तोंडी ठरलेल्या गोष्टी पुढच्या तालमीत पुन्हा वादाला येतात. रचनेचे संपूर्ण, म्हणजे चारही वाद्यांचे एकत्र, स्वरलेखन निदान एकाच्या समोर असलेच पाहिजे.

चौघांत मते दोन विरुद्ध दोन अशी विभागली जाणे अटळ आहे. त्यावर एक साधी व्यवस्था उपयोगी पडते: दोन्ही पर्याय बोलून न दाखवता पूर्ण विश्वासाने वाजवून दाखवायचे, आणि तरीही एकमत झाले नाही तर त्या रचनेपुरते एकाला निर्णायक मत द्यायचे. हा अधिकार प्रत्येक रचनेगणिक फिरता ठेवावा.

रचनांचा साठा आणि स्पर्धा

पहिल्या दोन-तीन वर्षांत थोड्या पण पक्क्या रचना हाताशी ठेवाव्यात. हायडनच्या 68 क्वार्टेटपैकी दोन, बेथोवेनच्या 16 पैकी एक सुरुवातीचा आणि एक मधल्या काळातला, बार्टोकच्या सहापैकी एक, रोमँटिक परंपरेतील एक आणि हयात रचनाकाराची एक, एवढ्यावर वेगवेगळे कार्यक्रम बांधता येतात. बेथोवेनचा ओपस 131 हा क्वार्टेट मोह पाडतो, परंतु त्याचे सात भाग न थांबता सुमारे 40 मिनिटे सलग वाजतात आणि मध्ये नीट सूर मिळवायला अवसर मिळत नाही. उतरलेल्या तारेवर बोटांनी सावरून घेण्याची सवय होईपर्यंत तो मंचावर नेऊ नये. नव्या संगीताकडे वळणाऱ्यांनी क्रोनोस क्वार्टेटचा मार्ग अभ्यासावा. 1973 पासून त्यांनी हजारांहून अधिक रचना नव्याने लिहवून घेतल्या किंवा स्वतःसाठी रूपांतरित करवून घेतल्या आणि त्यातूनच आपली ओळख निर्माण केली.

स्पर्धांमुळे एजंट आणि आयोजक यांच्या नजरेत लवकर येता येते. कॅनडातील बँफ येथील स्पर्धा 1983 मध्ये सुरू झाली. 1979 मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे सुरू झालेली आणि आता लंडनच्या विगमोर हॉलमध्ये होणारी स्पर्धा तशीच प्रतिष्ठेची आहे. तिचे पहिलेच पारितोषिक बुडापेस्टच्या टाकाच क्वार्टेटला मिळाले होते. पारितोषिकाच्या रकमेपेक्षा विजेत्यांना कोणते मैफलींचे दौरे मिळतात, हे पाहून स्पर्धा निवडावी. तेवढ्या दौऱ्याला पुरतील इतक्या रचना तयार नसतील, तर जिंकलेली संधी अंगावर येते.

पैसा

मैफलीच्या मानधनाचा आकडा फसवा असतो. त्यातून एजंटचा वाटा, जो साधारणपणे 15 ते 20 टक्के असतो, चौघांचा प्रवास आणि मुक्काम, चेलोसाठी विमानातील पाचवे आसन आणि कर वजा होतात. मग उरते ते वाटून घ्यायचे. उरलेल्या रकमेचे चारऐवजी पाच समान वाटे करावेत आणि पाचवा वाटा गटाच्या सामाईक खात्यात टाकावा, असा माझा आग्रह आहे. स्वरलेखनाच्या प्रती, ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, रद्द झालेल्या मैफलीचा तोटा आणि आजारी सदस्याच्या जागी बोलावलेल्या वादकाचे मानधन यासाठी तोच उपयोगी पडतो.

स्थैर्य मुख्यतः विद्यापीठे आणि संगीत महाविद्यालये देतात. निवासी क्वार्टेट म्हणून नेमणूक झाली की अध्यापन, विद्यार्थी-गटांचे मार्गदर्शन आणि वर्षाला ठरावीक मैफली यांच्या बदल्यात पगार व तालमीची खोली मिळते. टाकाच क्वार्टेट 1980 च्या दशकापासून कोलोराडो विद्यापीठाशी अशाच प्रकारे जोडलेला आहे. अशा नेमणुकीचा करार करताना अध्यापनाचे तास आठवड्याऐवजी सत्राच्या हिशेबाने मागावेत, म्हणजे दौऱ्यावर असताना बुडलेले तास पुढे भरून काढता येतात. नेमणूक मिळेपर्यंत खाजगी शिकवण्या, ऑर्केस्ट्रात बदली वादक म्हणून काम आणि स्टुडिओतील ध्वनिमुद्रणे करावीच लागतात. त्यांत कमीपणा नाही, मात्र गटाच्या तारखांवर बाहेरचे काम घ्यायचे नाही, एवढा नियम कडक असावा.

चांगले वाद्य विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते, म्हणून प्रतिष्ठानांकडून वाद्ये उसनी मिळवण्याचा मार्ग प्रचलित आहे. विख्यात व्हायोलिनवादक पागानिनीच्या मालकीची, इटालियन कारागीर स्ट्राडिव्हारीने बनवलेली वाद्ये, म्हणजे 1680 व 1727 ची व्हायोलिने, 1731 चा व्हायोला आणि 1736 चा चेलो, निप्पॉन म्युझिक फाउंडेशनने 1995 ते 2013 या काळात टोकियो क्वार्टेटला वापरायला दिली होती. उसनवारीच्या कराराची मुदत, विमा आणि देखभालीचा खर्च कोणाकडे, हे सही करण्यापूर्वी तपासावे. व्हायोलाबाबत आणखी एक अडचण असते: त्याच्या लाकडी अंगाची (मानेशिवायच्या भागाची) लांबी निश्चित नसते, साधारण 39 ते 43 सेंटीमीटरपर्यंत बदलते. भारदस्त आवाजाच्या लोभाने मोठा व्हायोला घेतला तर खांदा आणि डावे मनगट काही वर्षांतच तक्रार करू लागतात. गजांसाठी वापरले जाणारे पर्नांबुको लाकूड 2007 पासून साइटिस या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल तर सीमेवर तो अडकू शकतो. दौऱ्यापूर्वी कागदपत्रे काढावीत, किंवा प्रवासासाठी हस्तिदंत नसलेला वेगळा गज ठेवावा.

लेखी करार आणि सदस्यबदल

मैत्री आहे म्हणून करार नको, असे म्हणणाऱ्यांनी तर तो अवश्य करावा. गटाचे नाव, संकेतस्थळ, स्वरलेखनाचा संग्रह आणि ध्वनिमुद्रणांचे उत्पन्न कोणाचे, सोडून जाणाऱ्याने किती आधी सांगायचे आणि नव्या सदस्याला उरलेल्या तिघांचे एकमत लागेल की बहुमत पुरेल, हे त्यात असावे. मैफली वर्ष-दोन वर्षे आधी ठरतात, म्हणून सूचनेची मुदत किमान एका पूर्ण हंगामाची ठेवणे योग्य.

एखादा सदस्य गेल्यावर पुढे जायचे की थांबायचे, याचे एकच उत्तर नाही. 1987 मध्ये व्हायोलावादक पीटर शिडलॉफ यांचे निधन झाले तेव्हा अमाडेउस क्वार्टेटने 1947 पासूनची वाटचाल तिथेच थांबवली. उलट 1946 मध्ये स्थापन झालेला जुलियार्ड क्वार्टेट, संस्थापक रॉबर्ट मान 1997 मध्ये निवृत्त झाल्यावरही, नव्या वादकांसह चालू राहिला. पुढे जायचे ठरले तर नव्या सदस्यावर जुन्या सगळ्या खुणा लादू नयेत. पहिल्या हंगामात निम्म्या रचना तरी चौघांनाही नव्या असाव्यात, आणि जुन्या रचनांच्या पानांवरील गजाच्या खुणा खोडून त्या पुन्हा चौघांनी मिळून ठरवाव्यात.