गर्भाच्या नमुन्यासोबत आईच्या रक्ताचा वेगळा नमुनाही आलाय का, ते आधी बघा

प्रसवपूर्व जनुकीय निदानात नव्याने येणाऱ्यांना वाहक जोडपं (दोघांकडेही जनुकाची एक सदोष, एक निरोगी प्रत), प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याचा 25 टक्के धोका, हे गणित येत असतंच. मला बोलायचंय ते गर्भाच्या नमुन्यात होणाऱ्या आईच्या पेशींच्या भेसळीबद्दल. शिकताना आम्ही त्यावरून भराभर पुढे गेलो. पुढे याच गोष्टीने माझी झोप उडवली.

अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेतून काढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघा. गर्भाच्या व्हिलाय, म्हणजे वारेच्या बारीक शाखा, पांढऱ्या, फांद्या फुटल्यासारख्या दिसतात. त्यांना चिकटलेला, ठरावीक आकार नसलेला पापुद्रा म्हणजे डेसिड्युआ, गर्भाशयाचं अस्तर, आणि तो आईचा. चिमट्याने तो सोडवायला वेळ लागतो. लागू द्या.

तो राहिला तर काय होतं? समजा, आई आणि वडील दोघांकडेही जनुकातला एकच सदोष बदल आहे आणि गर्भात त्याच्या दोन्ही प्रती आल्या आहेत, म्हणजे बाळ आजारी आहे. त्यात आईची निरोगी प्रत मिसळली की रिपोर्टमध्ये बाळ नुसतं वाहक दिसतं. आता उलटं बघा. आईवडिलांचे बदल वेगवेगळे आहेत आणि बाळाकडे फक्त वडिलांचा आला आहे. भेसळीतून आईचा बदलही दिसू लागतो आणि बाळ आजारी ठरतं! पहिल्या चुकीत बेसावध घरात आजारी मूल जन्मतं, दुसरीत निरोगी गर्भ पाडला जाऊ शकतो.

म्हणून आईच्या रक्ताशी एसटीआर मार्कर, म्हणजे माणसागणिक लांबी बदलणारे डीएनएचे छोटे पुनरावृत्त तुकडे, जुळवून बघायचेच. बाळाला न मिळालेल्या आईच्या अलीलचं (मार्करच्या प्रतीचं) छोटंसं पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, नमुन्यात दिसलं तरी थांबा. घरच्यांचे कितीही फोन येऊ देत, हा निकाल हाती आल्याशिवाय तोंडी अंदाजही सांगायचा नाही. गर्भजल काढताना पहिले एक-दोन मिलिलिटर बाजूला ठेवतात तेही याचसाठी. रक्ताळलेला नमुना असेल तर जास्तच जपा.

रिपोर्ट वाचायला शिकवणाऱ्या झटपट कोर्सवर माझा विश्वास नाही. नमुने साफ करणाऱ्या अनुभवी तंत्रज्ञाशेजारी बसा, मोठ्या नावाच्या मार्गदर्शकापेक्षा तिथे जास्त शिकाल. आणि आधीच्या आजारी मुलातला बदल पक्का झाला नसेल, नुसता 'अर्थ अनिश्चित' असेल, म्हणजे आजार त्यानेच होतो की नाही हे ठरलेलं नसेल, तर त्याच्या भरवशावर गर्भाचं निदान करायला निघूच नका. मोठ्यांनी घाई केली तरी.

हे वाचून घाबरू नका. सुरुवातीला प्रत्येक पीक संशयास्पद वाटतं. काही महिन्यांत नजर बसते, सगळ्यांचीच बसते. शंका आली की दुसऱ्याला दाखवायची, त्यात कमीपणा नाही.

थोड्या पेशी कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवायला, मात्र नेहमी लावून ठेवा, नमुना अपुरा पडला तर त्याच उपयोगी पडतात. फक्त कल्चरमध्ये आईच्या पेशी जोमाने वाढून गर्भाच्या पेशींना मागे टाकू शकतात. तेव्हा त्यातून काढलेल्या डीएनएवर एसटीआर पुन्हा करायचं, आधीचा निकाल स्वच्छ असला तरी.