स्वतःहून दिलेल्या उत्तरांचं सर्वेक्षण कसं तपासावं, आणि त्याऐवजी काय करावं

अमेरिकेतल्या सल्ला-सदराच्या लेखिका ॲन लँडर्स यांनी १९७० च्या दशकात वाचकांना विचारलं, पुन्हा संधी मिळाली तर मुलं होऊ द्याल का? सुमारे १०,००० उत्तरं आली आणि त्यांतली ७० टक्के 'नाही' म्हणणारी होती. त्यानंतर 'न्यूजडे' या वृत्तपत्राने यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठ्या काढाव्या तशा) निवडलेल्या १,३७३ पालकांना हेच विचारलं, तर ९१ टक्के 'हो' म्हणाले. कारण साधं आहे. पोळलेला माणूस पाकीट आणून तिकीट लावतो, सुखात असलेला पान उलटतो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या पोलमध्येही हेच घडतं. समजा, २४० फ्लॅट आहेत आणि प्रश्न आहे, पाहुण्यांच्या गाड्यांना बंदी घालावी का? ६० घरांनी मत दिलं, ४२ 'हो'. लगेच '७० टक्के रहिवाशांचा पाठिंबा' असं जाहीर होतं.

१. पहिल्यांदा छेद बघा. ७० टक्के हे ६० पैकी आहेत, २४० पैकी नव्हेत.

२. गप्प राहिलेली १८० घरं दोन्ही बाजूंना टाकून बघा. सगळी 'नाही' धरली तर पाठिंबा ४२ भागिले २४०, म्हणजे १७.५ टक्के, सगळी 'हो' धरली तर ९२.५ टक्के. या पोलवरून खात्रीने सांगता येतं ते एवढंच. अशा आकड्यापुढे कोणी 'अधिक-उणे ३ टक्के' लिहिलं असेल तर ते खोडा. ते गणित फक्त यादृच्छिक निवडीला लागू पडतं.

३. आता ६० घरं आपण निवडायची. सगळ्या फ्लॅटची यादी एक्सेलमध्ये घ्या, शेजारच्या रकान्यात =RAND() हे सूत्र भरा, आलेले आकडे फक्त मूल्य म्हणून पेस्ट करा (नाहीतर ते सतत बदलत राहतात), त्यानुसार क्रम लावा आणि वरची ६० घरं घ्या. एक्सेल नको असेल तर २४० चिठ्ठ्या. 'दर चौथा फ्लॅट' हा शॉर्टकट मात्र टाळा: मजल्यावर चारच फ्लॅट असतील तर प्रत्येक वेळी एकाच कोपऱ्यातलं घर येईल, कदाचित सगळी मोठी, दोन गाड्यांची घरं.

४. दार वाजवा. कुलूप असेल तर शेजाऱ्याला विचारून संख्या भरून काढू नका. दिवसभर घरी असणारे आणि नसणारे यांचं पार्किंगबद्दलचं मत सारखं असेलच असं नाही. एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी, एकदा रविवारी सकाळी पुन्हा जा. प्रश्नाचे शब्द प्रत्येक दारी तेच ठेवा.

साठही घरांनी उत्तर दिलं तर चूक साधारण अधिक-उणे ११ टक्क्यांच्या आत राहते, शंभरातल्या ९५ वेळा. उत्तरं साठच, पण मघाच्या १७.५ ते ९२.५ शी ताडून बघा.

नुसती संख्या वाढवून हे साधत नाही. 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकन साप्ताहिकाने १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि लँडन हे उमेदवार जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. (त्यांची यादीही फोन आणि मोटारी असलेल्यांकडे झुकलेली होती, हा वेगळा दोष.)

५. निकाल लावताना न मिळालेली घरंही लिहा. ६० पैकी ५० भेटली, ३५ 'हो' म्हणाली, तर नोटीस बोर्डावर नुसतं '७० टक्के' नको. उरलेली १० दोन्हीकडे टाकून या साठांतला पाठिंबा ५८ ते ७५ टक्के, आणि त्यावर नमुन्याची (२४० ऐवजी साठच घरं निवडल्याची) चूक वेगळी, असं लिहा.