पन्नाशीतला विसर : घरच्यांनी आधी काय उरकायचं

६५ वर्षांच्या आत सुरू होणाऱ्या अल्झायमरमध्ये माणूस अजून कमावता असतो, डोक्यावर कर्ज असतं, मुलं शिकत असतात. म्हणून कागद आधी. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की ते कायद्यानं संपतं. बँक खातं दोघांच्या नावे करा, नॉमिनी तपासा. मृत्युपत्र समजून सही करता येते तोवरच. आपल्याकडे, कर्नाटकातल्या बेळगाव भागात, जमिनीची पहाणी (सातबाऱ्यासारखा उतारा) कन्नडमध्ये असते, ती जाणत्याकडून वाचून घ्या.

बी-१२, थायरॉईड आणि मेंदूचा एमआरआय झालाय ना, ते पाहा. विसराची काही कारणं बरी होणारी असतात. अल्झायमरवरची डोनेपेझिल ही गोळी बहुधा रात्री ५ मिलिग्रॅमनं सुरू होते, ४ ते ६ आठवड्यांनी १० पर्यंत नेतात. मळमळ, जुलाब होऊ शकतात. रात्री भयंकर स्वप्नं पडू लागली तर गोळी सकाळी चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. या गोळीनं आजार थांबत नाही.

नंतर शिकलेली कन्नड मराठीआधी निसटू शकते. खिशात चिठ्ठी ठेवा: नाव, आजार, घरचे दोन नंबर, दोन्ही भाषांत. बेळगाव-निपाणी बसमध्ये कंडक्टरला कन्नड ओळच उपयोगी पडेल.

स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद. यूपीआयची मर्यादा कमी करा. ‘आत्ताच सांगितलं ना!’ हे वाक्य मात्र टाळा, त्यानं फक्त चिडचिड वाढते. पोरांना सांगा, बाबा मुद्दाम करत नाहीत.