आयरिसचा स्वस्त परफ्यूम घेतलात? मग या चुका टाळा

"अर्ध्या तासात वास गायब. पैसे पाण्यात!" डिओर या फ्रेंच ब्रँडच्या 'डिओर ओम' या आयरिसच्या वासाच्या महागड्या पुरुषी परफ्यूमच्या धर्तीवरचा हजार-दीड हजाराचा परफ्यूम घेतलेल्यांकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. बहुतेक वेळा वास कुठे गेलेला नसतो. तुमचं नाक त्याला सरावलेलं असतं.

आयरिस ही एक फुलझाडाची जात. तिच्या खऱ्या अर्काला सुगंध येतो तो इरोन नावाच्या रेणूंमुळे. स्वस्त बाटलीत त्यांची जागा बरीचशी आयोनोन घेतात. ही त्यांची भावंडं, व्हायोलेटच्या फुलाचा वास यांचाच. आयोनोनला नाक फार पटकन सरावतं, मग वास नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा डोकावतो. त्यातही बीटा-आयोनोनचा वास काही जणांना जन्मतःच फार कमी येतो, कारण तो ओळखणारं जनुक माणसागणिक थोडं वेगळं असतं. म्हणजे तुम्हाला काहीच येत नाही आणि शेजारी बसलेला खिडकी उघडतो, हे सहज शक्य आहे.

माझंच सांगतो. एका लग्नाला निघताना "येतच नाही, येतच नाही" करत मी सात फवारे मारले. रिक्षावाल्याने दोन सिग्नल सहन केलं आणि मागे वळून विचारलं, "साहेब, पिशवीत काही सांडलंय का?" तेव्हापासून मानेवर एक, छातीवर एक, बस. टिकतो की नाही हे दोन तासांनी घरातल्या कुणाला तरी विचारायचं. स्वतःचं मनगट सारखं हुंगत बसलात तर नाक आणखी बधिर होणार.

दुसरी चूक म्हणजे फुलाचा वास शोधणं. परफ्यूममधला आयरिस फुलातून येत नाही, जमिनीतल्या कंदातून येतो. इटलीत फ्लॉरेन्सच्या आसपास आयरिस पॅलिडाची शेती होते. कंद दोन-तीन वर्षं जमिनीत वाढतात आणि काढून, सोलून पुन्हा तीनेक वर्षं वाळवत ठेवतात. ताज्या कंदाला म्हणावा असा सुगंधच नसतो, तो साठवणीत तयार होतो. एवढं करून टनभर कंदांतून निघतं दोन-एक किलो 'बटर', म्हणजे लोण्यासारखा घट्ट अर्क, आणि त्याचा किलोचा भाव लाखांत. तेव्हा स्वस्त बाटलीत खरा आयरिस नावापुरता किंवा अजिबात नाही, हे गृहीत धरा. त्यात फसवणूक वाटून घेण्यासारखं काही नाही, गणितच तसं आहे.

"हा तर बायकांच्या लिपस्टिकसारखा येतो!" बरोबर. तसाच यायला हवा. आयरिसच्या कंदाची पूड जुन्या काळी चेहऱ्याच्या पावडरीत घालत आणि लिपस्टिकला आजही बरेचदा व्हायोलेट-आयरिसचाच वास देतात. त्याच्या आजूबाजूला किंचित गाजर, ओली माती, कोको आणि चामडं. हे मुळात नको असेल तर महागडी बाटलीही आवडणार नाही, म्हणून आधी पाच-दहा मिलीचा नमुना मागवा. एकदम शंभर मिली घेऊन कपाटाची शोभा वाढवू नका.

'ओरिजिनलशी जुळत नाही' म्हणण्याआधी कुठलं ओरिजिनल ते बघा. इथे मोठा घोळ आहे. 2005 चा डिओर ओम ऑलिव्हिए पोल्झ या परफ्यूमरने बनवलेला, लॅव्हेंडर आणि पावडरी आयरिसचा. 2007 चा 'डिओर ओम इंटेन्स' त्याहून गडद, गोडसर. 2020 मध्ये त्याच नावाने आलेला नवा डिओर ओम मात्र लाकडी वासाचा, त्यात आयरिस जवळजवळ नाहीच. मॉलमध्ये हा नवा हुंगून आलेला माणूस घरी आयरिसचा क्लोन, म्हणजे ओरिजिनलच्या वासाची नक्कल, उघडतो आणि दुकानदाराला शिव्या घालतो! स्वस्त क्लोन बहुधा 'इंटेन्स'च्या मागे धावतात, तेव्हा तुलना त्याच्याशीच करा. आणि क्लोन म्हणजे ड्युप्लिकेट नव्हे. स्वतःच्या नावाने विकला जाणारा क्लोन वेगळा आणि डिओरचंच लेबल चिकटवून फूटपाथवर मिळणारा माल वेगळा.

पहिल्या पाच मिनिटांत निकाल देऊ नका. स्वस्त परफ्यूममध्ये सुरुवातीला अल्कोहोलचा भपका जास्त जाणवतो, आयरिस नंतर वर येतो. कागदी पट्टीवरही भरवसा ठेवू नका, कातडीवर मारून बघा. बाटली बाथरूममध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर नको, कपाटात ठेवा. पांढऱ्या शर्टावर थेट फवारा मारलात तर डागाची जबाबदारी तुमची.

टाल्कमचं मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे आंघोळ झाली की अंगावर भरपूर पावडर थापायची सवय, आणि आयरिस स्वतःच पावडरी. दोन्ही मिळून अगदी न्हाऊ-माखू घातलेल्या बाळासारखा वास येतो. त्या दिवशी पावडर वगळा, डिओही बिनवासाचा घ्या. मे महिन्यातल्या दुपारी मुंबईच्या लोकलमध्ये तर हा परफ्यूम नकोच. घामात त्याचा गोडवा चिकट होतो. संध्याकाळी, एसीत किंवा डिसेंबरातल्या पुण्यात तीच बाटली काढा.