सकाळचा वेळ मोजून सुधारताना या चुका टाळा

सकाळी उठल्यापासून कार्यालयात पोहोचेपर्यंतचा वेळ मोजावा, त्यातील चढउतार कमी करावा आणि रोजची धावपळ एकदाची थांबवावी, असे ठरवणारी माणसे आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात पुष्कळ आहेत. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणीच्या कामात माझी नोकरीची सारी वर्षे गेली, त्यामुळे शेजारीपाजारी आणि नातेवाईक आपापल्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात. वह्या निरनिराळ्या असल्या तरी त्यांतील चुका त्याच त्या असतात. मोजायला बसलेला माणूस मुळात प्रामाणिक असतो आणि केवळ अधीरपणामुळे त्याची मेहनत वाया जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपला प्रश्न वेळ जास्त लागण्याचा आहे, असा बहुतेकांचा समज असतो. ज्याला तयारीला रोज सत्तर मिनिटे लागतात, त्याला कधीच उशीर होत नाही, कारण तो सत्तर मिनिटे आधी उठतो. ज्याला एके दिवशी पंचेचाळीस आणि दुसऱ्या दिवशी पंचाहत्तर मिनिटे लागतात, त्याची सरासरी साठ असूनही त्याचीच बस चुकते. म्हणून आधी चढउतार कमी करावा आणि वेळ वाचवण्याचा विचार त्यानंतर करावा. हा क्रम उलटा करणाऱ्यांना मी वही मिटून ठेवायला सांगतो.

कालच्या उशिराचे उट्टे आज काढणे

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे आणि ती करणारी माणसे सहसा सर्वांत कष्टाळू असतात. माझा भाचा फोंड्याहून पणजीला पाटो भागातल्या एका कार्यालयात जातो. साडेनऊला हजेरी असते. त्याने वहीत निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ अगदी नेटाने लिहिली होती आणि रोज त्यावरून दुसऱ्या दिवसाचा निर्णयही घेतला होता. सोमवारी तो ८.२० ला निघाला आणि ९.४२ ला पोहोचला, म्हणजे बारा मिनिटे उशीर झाला. म्हणून मंगळवारी तो बारा मिनिटे आधी, ८.०८ ला निघाला. त्या दिवशी साठच मिनिटे लागली आणि तो बावीस मिनिटे लवकर पोहोचला. इतका वेळ फुकट कशाला घालवायचा, असे म्हणून बुधवारी तो ८.३० ला निघाला. त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर मिनिटे लागली आणि ९.४८ झाले. गुरुवारी पुन्हा उलटी उडी. "मामा, मी रोज सुधारणा करतोय आणि रोज बिघडतच चाललंय," असे तो अगदी काकुळतीला येऊन सांगत होता.

त्याच्या वहीतले प्रवासाचे आकडे तसेच ठेवून मी निघण्याची वेळ तिन्ही दिवस ८.२० धरली. तेव्हा पोहोचण्याच्या वेळा ९.४२, ९.२० आणि ९.३८ आल्या. म्हणजे काहीच न करता फरक बावीस मिनिटांचा राहिला असता, तो त्याने रोजच्या दुरुस्तीने चाळीस मिनिटांवर नेला होता. यात योगायोग नाही. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हेच एका नरसाळ्याच्या प्रयोगाने दाखवत असत. टेबलावर एक खूण करून तिच्या वर धरलेल्या नरसाळ्यातून गोटी सोडायची आणि गोटी जितकी बाजूला पडेल, तितके नरसाळे प्रत्येक वेळी उलट दिशेला सरकवायचे. असे केल्याने गोट्या खुणेजवळ येण्याऐवजी अधिकच विखुरतात. गणिताने पाहिले तर या पद्धतीत प्रमाण विचलन, म्हणजे विखुरण्याचे माप, सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते. रस्त्यावर रोज होणारा किरकोळ फरक हा कालच्या निर्णयाचा परिणाम नसतो आणि त्याला उत्तर देत बसले की त्यात आपलाही फरक मिसळतो.

मी त्याला महिनाभर ८.०५ ला निघायला लावले आणि एकही दिवस ती वेळ बदलायची नाही अशी अट घातली. सोमवारसारखी ब्याऐंशी मिनिटे लागली तरी ८.०५ ला निघालेला माणूस ९.२७ ला पोहोचतो, एवढाच त्या वेळेमागचा हिशोब होता. शिवाय घरातून निघणे, बसमध्ये चढणे आणि पणजीच्या स्थानकावर उतरणे अशा तीन वेळा स्वतंत्र लिहायला सांगितल्या. सगळा दोष भोमच्या अरुंद रस्त्याचा आणि बाणस्तारीच्या पुलाआधीच्या रांगेचा आहे, अशी त्याची पक्की खात्री होती. महिन्याने पाहिले तर बसमध्ये बसल्यानंतरचा वेळ थोडाच इकडेतिकडे होत होता. खरा फरक फोंड्याच्या स्थानकावरच पडत होता, कारण बसायला जागा नाही म्हणून तो काही दिवस एक, तर काही दिवस दोन गाड्या सोडून देत असे. वहीत "प्रवास" असा एकच रकाना असल्यामुळे हे कधी दिसलेच नव्हते. आता पहिल्या गाडीत जागा मिळाली नाही तर तो उभा राहून जातो.

वाट पाहण्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दर पंधरा मिनिटांनी नेमाने गाडी येत असेल, तर कोणत्याही वेळी स्थानकावर गेलेल्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते. त्याच गाड्या एकदा पाच आणि एकदा पंचवीस मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या, तर गाड्यांची संख्या तेवढीच राहूनही सरासरी वाट जवळपास अकरा मिनिटांची होते, कारण लांबलेल्या अंतरातच जास्त माणसे येऊन अडकतात.

"निघालो" म्हणजे नेमके कधी, हे न ठरवणे

आमच्या शेजारी एक शिक्षिका राहतात. त्यांच्या वहीत "निघाले ७.३५" अशी नोंद जवळजवळ रोज होती, तरीही शाळेत पोहोचण्याची वेळ मात्र बरीच मागेपुढे होत असे. मी विचारले, तेव्हा समजले की मुलांना "चला" म्हणून हाक दिली की त्या वेळ लिहीत. त्यानंतर गॅसचा रेग्युलेटर बंद आहे का ते पाहणे, ओट्यावर राहिलेला डबा पिशवीत घालणे, छत्रीसाठी परत आत जाणे, हे सगळे बिननोंदीचे चालायचे. मोजमापाची सुरुवात आणि शेवट डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल अशाच गोष्टींवर बांधावा. माझ्या घरी सुरुवात म्हणजे गजर वाजणे आणि शेवट म्हणजे दाराच्या कुलपाचा खटका. उठलो म्हणजे डोळे उघडले की पाय जमिनीला लागले, यावर वाद घालायला मग जागाच उरत नाही.

खटक्यावर मोजायला सुरुवात केल्यावर बाईंच्या सकाळीतला मोठा फरक दोन आठवड्यांत उघडा पडला. मुलांना न्याहारीला ताजा पाव लागे आणि पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगा कधी सातच्या आत, तर कधी सव्वासातनंतर ऐकू येई. तोवर बशा मांडलेल्या, चहा गार होत चाललेला आणि मुले दाराशी उभी. म्हणजे घरातल्या चार माणसांचे वेळापत्रक एका सायकलीवर अवलंबून होते आणि पोदेराला त्याची कल्पनाही नव्हती. आता बाई त्याच्या संध्याकाळच्या फेरीतच उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन ठेवतात आणि सकाळी तव्यावर गरम करतात. ताज्या पावाची चव त्याला येत नाही, हे मला मान्य आहे, म्हणून रविवारी ते घर पोदेराची वाट पाहते.

सगळ्यांनी एकदम निघणे गृहीत धरणे

एकाच गाडीतून तिघे जाणार असतील तर निघण्याची वेळ सर्वांत मागे राहिलेला माणूस ठरवतो. प्रत्येक जण दहापैकी नऊ दिवस वेळेवर तयार होत असला आणि एकाच्या उशिराचा दुसऱ्याशी संबंध नसला, तरी तिघेही वेळेवर तयार असण्याची शक्यता सुमारे ७३ टक्केच भरते. अशा घरात कोणीही आळशी नसतानाही आठवड्यात एखाददुसरा दिवस उशीर होणार. यावर एकमेकांना बोल लावून उपयोग नाही. तिघांना लागणारी एकच गोष्ट कोणती ते पाहावे. बहुधा ती न्हाणीघर असते, आणि तिथला क्रम आदल्या रात्री ठरवून टाकावा. घरच्या माणसांवर घड्याळ धरून उभे राहू नये. काम मोजावे, माणूस मोजू नये, नाहीतर चार दिवसांत घरात कोणीही खरी वेळ सांगणार नाही.

घड्याळ दहा मिनिटे पुढे लावून ठेवणे हा उपाय मला अजिबात मान्य नाही. आठवड्याभरात मन ती दहा मिनिटे आपोआप वजा करू लागते आणि घरातली दोन घड्याळे दोन वेगवेगळ्या वेळा सांगू लागली की नोंदीच निरुपयोगी होतात. एका आठवड्यात दोन बदल करू नयेत, कारण फरक कशामुळे पडला ते मग कोणालाच सांगता येत नाही. केवळ उशीर झालेल्या दिवसांची नोंद ठेवण्याला तर मी नोंद मानतच नाही.

तिसऱ्याच दिवशी निष्कर्ष काढणे

नवख्या माणसाला तीन आकड्यांत कल दिसतो. एखादा आकडा खरोखर वेगळा आहे की नेहमीच्या चढउतारातलाच आहे, हे ओळखण्यासाठी अभियंते वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नियंत्रण आलेख मांडला. घरगुती कामासाठी त्याचे साधे रूप पुरते. समजा, गजरापासून कुलपापर्यंतची मिनिटे अशी आहेत: ५२, ६१, ४९, ५८, ७०, ५५, ४७, ६३, ५४, ५१. यांची सरासरी ५६ येते. लागोपाठच्या दोन दिवसांतील फरक ९, १२, ९, १२, १५, ८, १६, ९ आणि ३ असून त्यांची सरासरी १०.३ आहे. तिला २.६६ या आलेखाच्या ठरलेल्या गुणकाने गुणले की सुमारे २७.५ मिळतात, ते सरासरीत मिळवले की वरची मर्यादा ८३.५ आणि वजा केले की खालची २८.५ होते. या दोन मर्यादांच्या आतला आकडा नेहमीच्या चढउतारातला धरायचा, म्हणजे ७० मिनिटांचा दिवस अपवाद नव्हता. त्या दिवशी काय चुकले याचा शोध घेणे व्यर्थ आहे. तो कमी करायचा असेल तर रोजच्या पद्धतीतच बदल करावा लागेल. मर्यादा ठरवण्याआधी मी निदान वीसेक दिवसांचे आकडे असावेत असा आग्रह धरतो. पेन्सिल आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका याला पुरेशी आहे.

मर्यादेबाहेर गेलेल्या दिवसाचे कारण मात्र अवश्य शोधावे आणि त्याच चौकोनात लिहून ठेवावे. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे सण, असतो आणि त्याआधीच्या नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, दिवसांतही तिथे गर्दी असते. माघात मंगेशीची जत्रा भरते आणि चतुर्थीच्या तोंडावर माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या आराशीच्या, सामानासाठी बाजार फुललेला असतो. हे दिवस पुसून टाकू नयेत आणि त्यांवरून रोजची वेळही बदलू नये. ते आधीपासून ठाऊक असतात, म्हणून दिनदर्शिकेवर आधीच खूण करून त्या दिवसांपुरते लवकर निघावे.

पावसाळ्याचे तसे नाही, कारण तो एका दिवसाचा अपवाद नसून चार महिने टिकणारी वेगळीच स्थिती आहे. न वाळलेला गणवेश, रेनकोट चढवण्यात जाणारी मिनिटे, पाण्यामुळे मंदावलेली वाहतूक हे सारे रोजचेच होऊन बसते. मे महिन्यात काढलेल्या मर्यादा जूनमध्ये वापरल्या तर प्रत्येक दिवस बिघडल्यासारखा दिसतो आणि मग माझ्या भाच्यासारख्या उड्या मारणे सुरू होते. पाऊस स्थिरावला की मी नवे पान घेतो, आकडे पहिल्यापासून लिहू लागतो आणि नव्या मर्यादा हाती येईपर्यंत निघण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणून तिथेच ठेवतो.